पाळीची तक्रार, ‘नॉर्मल’ सोनोग्राफी आणि सुटलेलं निदान

रात्री दहाच्या सुमारास तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ग्रामीण रुग्णालयात आणलं जातं. दुपारपासून लघवी झालेली नाही, ओटीपोट टणक झालंय, मुलगी कळवळते आहे. आई एवढंच सांगते, ‘पोट दुखी ऱ्हायनं’. नळी घालून लघवी काढली की मुलगी शांत होते. लघवीत जंतू असतील म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या जातात. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच दुखणं. या दोन खेपांत एक प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही: हिला पाळी सुरू झाली आहे का?

उत्तर ‘अजून नाही’ असं येतं, आणि ते अर्धंच खरं असतं. पाळी काही महिन्यांपूर्वीच सुरू झालेली असते, पण रक्ताला बाहेर यायला वाट नसते. योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा जन्मापासून पूर्ण बंद राहिला, की दर महिन्याचं रक्त आतच साठत जातं. योनी फुग्यासारखी ताणली जाते आणि पुढच्या मूत्रमार्गावर दाब येऊन लघवी अडते.

स्त्रियांच्या दुर्मीळ आजारांची अडचण हीच आहे, की त्यांची तक्रार मुळीच दुर्मीळ नसते. पोट दुखतं, पाळी येत नाही, फार जाते, खाज सुटते, दिवस राहत नाहीत. खान्देशातल्या कुठल्याही दवाखान्यात या तक्रारी रोज येतात, आणि शंभरातल्या बहुतेकींचं कारण साधंच असतं. वेगळी असते ती एखादी बारीक खूण: दुखण्याचं वेळापत्रक, वय, किंवा नेहमीच्या औषधाला न मिळालेला प्रतिसाद. ती खूण ओळखायची आणि तिला उत्तर देईल अशीच तपासणी करायची, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

वाट बंद असते तेव्हा

बंद पडदा ओळखायला दोन मिनिटं पुरतात. आईला जवळ उभं करून, मुलीला काय करणार ते आधी सांगून, बाहेरचे ओठ हलकेच बाजूला करून फक्त बघायचं. निळसर, फुगलेला पडदा दिसतो आणि खोकायला सांगितलं की तो आणखी पुढे येतो. आत बोट घालायची गरज नसते. सोनोग्राफी पोटावरूनच होते. त्यासाठी तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखावी लागते, कारण भरलेल्या मूत्राशयामागेच गर्भपिशवी नीट दिसते. लग्न न झालेल्या मुलीची तपासणी ‘आतून’ होईल या भीतीनं कित्येक घरं दवाखाना टाळतात. ती भीती काढून टाकणं हे डॉक्टरांचं पहिलं काम आहे.

चुका दोन ठिकाणी होतात. रिपोर्टमध्ये साठलेल्या रक्ताला ‘अंडाशयाची गाठ’ म्हटलं जातं आणि मुलगी पोटाच्या ऑपरेशनला पाठवली जाते. किंवा बाह्यरुग्ण विभागातच सुई घालून रक्त काढायचा प्रयत्न होतो. हे रक्त काकवीसारखं घट्ट असतं. ते सुईतून पुरतं येत नाही, पण त्या छिद्रातून जंतू आत जाऊन पू होऊ शकतो. योग्य रीत म्हणजे भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये पडदा पुरेसा उघडायचा, कडा पुन्हा जुळणार नाहीत अशा ठेवायच्या आणि रक्त आपसूक वाहू द्यायचं. वरून पोट दाबायचं नाही, नाहीतर तेच रक्त गर्भनलिकांतून पोटात जातं. ऑपरेशनची स्पष्ट नोंद असलेलं डिस्चार्ज कार्ड घरच्यांनी जपून ठेवावं.

पडदा निळा दिसत नसेल, खोकल्यावर पुढे येत नसेल, तर हात आवरावा. अडथळा वर असू शकतो, योनीत आडव्या जाड पडद्याच्या रूपात. तो किती जाड आणि किती वर आहे हे एमआरआयशिवाय कळत नाही. अंदाजानं चीर दिली तर जखम आकसून वाट पहिल्यापेक्षा वाईट बंद होते आणि दुसरं ऑपरेशन कितीतरी अवघड होतं. अशा मुलीची पाळी औषधानं काही काळ थांबवून, सवडीनं मोठ्या केंद्रात पाठवणं हेच शहाणपणाचं.

याच्याही पलीकडचा, सर्वांत चकवणारा प्रकार असा: गर्भपिशव्या दोन, त्यातल्या एकीची वाट मोकळी आणि दुसरीची बंद. पाळी दर महिन्याला नियमित येते, म्हणून अडथळ्याचा संशयच कोणाला येत नाही. पण दुखणं दर पाळीला वाढत जातं, एकाच बाजूला राहतं आणि रक्त थांबल्यावरही दोन-तीन दिवस टिकतं. साध्या पाळीदुखीचं तसं नसतं. ती पहिल्या एक-दोन दिवसांत जास्त असते आणि वेदनाशामकानं बऱ्यापैकी उतरते.

या प्रकाराची किल्ली मात्र गर्भपिशवीपाशी नसून मूत्रपिंडापाशी असते. ज्या बाजूची वाट बंद, त्याच बाजूचं मूत्रपिंड बहुतेक वेळा जन्मतः नसतं. गर्भात ही दोन्ही इंद्रियं शेजारी-शेजारी घडतात, त्यामुळे एकाची घडण चुकली की दुसऱ्याचीही चुकते. म्हणून मुलीच्या पाळीच्या दुखण्यासाठी केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं बघितलीच पाहिजेत. लहानपणी कधीतरी ‘एकच किडनी आहे, काळजी नको’ असं सांगितलं गेलं असेल, तर तो जुना कागद वयात आल्यावर पुन्हा बाहेर काढा. उपचार आहे मधला पडदा काढून टाकणं. गर्भपिशवी काढायची नाही. या मुलींना पुढे मुलं होऊ शकतात.

न्हाण आलंच नाही

‘आमच्याकडे सगळ्यांनाच उशिरा येते’ हे वाक्य ऐकून थांबायचं कुठपर्यंत? तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नसेल, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी नसेल, तर तपासणी करायची. छाती भरायला लागून तीन वर्षं झाली तरी पाळी नाही, हेही तितकंच कारण. दर महिन्याला पोट दुखत असेल तर वयाची वाटही बघू नये.

तपासणीला सुरुवात होते तीन प्रश्नांनी, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे: छातीची वाढ झाली आहे का, सोनोग्राफीत गर्भपिशवी आहे का, आणि रक्तातलं एफएसएच किती. छाती वाढली म्हणजे शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक तयार झालं. गर्भपिशवी आहे की नाही यावरून घडणीचा दोष कळतो. एफएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा अंडाशयाला दिलेला हुकूम. तो फार वाढला असेल तर अंडाशय ऐकत नाही, आणि कमी असेल तर हुकूमच निघत नाही.

प्रत्यक्षात हे तिन्ही बाजूला ठेवून ‘पाळी आणायच्या गोळ्या’ पाच दिवस दिल्या जातात. रक्त आलं नाही की पुढच्या महिन्यात पुन्हा. गर्भपिशवीच नसलेल्या मुलीनं अशा गोळ्या वर्षभर खाल्ल्या तरी काय होणार? गर्भपिशवी आहे हे बघितल्याशिवाय या गोळ्या देऊ नयेत.

छाती वाढलेली, पण गर्भपिशवी नाही, अशा वेळी मुख्यतः दोन शक्यता असतात. पहिलीत मुलीचे गुणसूत्र ४६ एक्सएक्स असतात, अंडाशय उत्तम काम करतात, काखेत आणि जांघेत केस आलेले असतात, फक्त गर्भपिशवी आणि योनीचा वरचा भाग घडलेला नसतो. साधारण ५,००० मुलींमागे एकीला हे असतं. यातल्या काही मुलींची मूत्रपिंडं, पाठीचा कणा किंवा ऐकणं यांतही दोष सापडतो, म्हणून तेही तपासायचं. दुसऱ्या शक्यतेत गुणसूत्र ४६ एक्सवाय असतात, पण शरीराला पुरुषी संप्रेरक ओळखताच येत नाही. त्यामुळे बांधा, आवाज, मन सगळं मुलीचं असतं, छाती भरलेली असते, मात्र काखेत आणि जांघेत केस जवळजवळ नसतात. लहानपणी दोन्ही जांघांत हर्नियाचं ऑपरेशन झालं असेल तर हा संशय पक्का धरावा. दोन्हींतला फरक टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आणि कॅरिओटाइप (गुणसूत्रांची मोजदाद) या रक्ततपासण्यांनी कळतो.

निदान सांगण्याची पद्धत औषधाइतकीच मोलाची आहे. ‘ही मुलगी नाही’ असं वाक्य उच्चारणं ही घोर चूक आहे, आणि ते चुकीचंही आहे. मुलीला वगळून फक्त वडिलांना किंवा काकांना सांगणं त्याहून वाईट. तिला तिच्या वयाला झेपेल असं, एकापेक्षा जास्त भेटींत, समुपदेशकाच्या मदतीनं सांगावं. योनीची लांबी वाढवायला सहसा ऑपरेशन लागत नाही. क्रमाक्रमानं मोठ्या होत जाणाऱ्या डायलेटरचा, म्हणजे योनी ताणणाऱ्या गुळगुळीत कांडीचा, रोजचा वापर बहुतेकींना पुरतो, पण तो तिला स्वतःला हवा असेल तेव्हाच सुरू करायचा. लग्नाची घाई म्हणून घरच्यांनी लादलेला उपचार फसतो. अंडाशय असलेल्या स्त्रीला स्वतःच्या बीजापासून सरोगसीनं मूल होऊ शकतं. २०२१च्या सरोगसी कायद्यात अशा वैद्यकीय कारणासाठी वाट ठेवलेली आहे. लग्न झालेलं असणं आणि पत्नीचं वय २३ ते ५० असणं या त्यातल्या अटी आहेत. दत्तक घेण्याचा मार्ग तर आहेच. हे सगळं लग्नाआधी मुलीला ठाऊक असलं पाहिजे. लग्नानंतर कळलं की दोष तिच्यावर ढकलून तिला माहेरी सोडलं जातं.

छाती वाढलेलीच नाही आणि एफएसएच खूप जास्त आहे, तर टर्नर सिंड्रोम, म्हणजे एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट नसणं, आठवावा. २,००० ते २,५०० मुलींमागे एक. उंची वर्गातल्या इतरांपेक्षा बरीच कमी, मान रुंद, कोपरापासून हात बाहेर वळलेले, जन्मतः पायांवर सूज होती असं आई सांगते. कधी कधी कमी उंचीखेरीज काहीच दिसत नाही. हृदय, थायरॉइड, ऐकणं आणि मूत्रपिंड या मुलींत तपासावंच लागतं. उंचीचा उपचार लवकर सुरू झाला तर उपयोग होतो, पंधराव्या वर्षी उशीर झालेला असतो. म्हणून टर्नरचं निदान पाळीची वाट बघत करायचं नसतं. पहिली-दुसरीत असलेली मुलगी वर्षाला चार सेंटिमीटरही वाढत नसेल, तर तेव्हाच कॅरिओटाइप करावा.

इथे सोनोग्राफीचा एक सापळा आहे. इस्ट्रोजेन मिळालेलं नसेल तर गर्भपिशवी दोन-तीन सेंटिमीटरची, लहान मुलीसारखीच राहते आणि ‘गर्भाशय दिसत नाही’ असा रिपोर्ट येतो. आहे ते ‘नाही’ ठरतं, आणि आईवडील मुलीला कधी मूल होणार नाही असं धरून चालतात. अशा वेळी एमआरआय करावा, किंवा काही महिने इस्ट्रोजेन दिल्यावर सोनोग्राफी पुन्हा बघावी.

गुणसूत्र एक्सवाय, गर्भपिशवी आहे, पण छाती नाही असाही एक दुर्मीळ प्रकार असतो. त्यात न घडलेल्या ग्रंथींत गाठ होण्याचा धोका मोठा असल्यामुळे त्या लवकर काढतात. वर सांगितलेल्या, केस नसलेल्या मुलींत मात्र ती घाई नसते.

एफएसएच कमी असेल तर लक्ष मेंदू, वजन आणि जुनाट आजारांकडे न्यायचं. मुलीला फोडणीचा, मोगऱ्याचा वास येतो का, हे जरूर विचारा. वास न येणं आणि वयात न येणं ही दोन्ही लक्षणं एकाच जन्मजात दोषातून येऊ शकतात, आणि वासाची तक्रार आपणहून कोणी सांगत नाही. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, भिल्ल-पावरा वस्तीत, सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, हेही कारण असतं. या आजारात मुली वयात यायला साधारण दोन वर्षं उशीर होतो.

फार जातं, थांबतच नाही

पहिल्याच पाळीपासून सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जातं, तासा-दोन तासांनी पॅड किंवा कपडा बदलावा लागतो, रात्री उठावं लागतं, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात. ‘सुरुवातीला असंच असतं’ असं म्हणून ही मुलगी हिमोग्लोबिन पाच-सहावर येईपर्यंत घरी राहते. तिला चार गोष्टी विचारा. नाकाचा घोळणा दहा मिनिटांपेक्षा जास्त फुटतो का? दात काढल्यावर रक्त थांबायला फार वेळ लागला होता का? न लागता अंगावर काळेनिळे डाग उमटतात का? आईला बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का? दोन उत्तरं ‘हो’ असली तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष शोधायला हवा. त्यात व्हॉन विलेब्रँड आजार सर्वांत जास्त आढळतो.

प्लेटलेटचा आकडा आणि रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी व एपीटीटी या तिन्ही तपासण्या नॉर्मल आल्या तरी हा आजार असू शकतो. त्यासाठी व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची मात्रा, त्याची क्रिया आणि फॅक्टर आठ अशा वेगळ्या तपासण्या लागतात. इथे गावाकडे एक तांत्रिक चूक वारंवार होते: रक्त बर्फाच्या डब्यात घालून मुंबई-पुण्याला पाठवलं जातं. न वेगळं केलेलं रक्त गार झालं की हा घटक खोटाच कमी दिसतो. रक्त खोलीच्या तापमानालाच ठेवून काही तासांत प्लाझ्मा वेगळा करायचा, आणि मग तो गोठवून पाठवायचा. ज्या लॅबला हे जमत नाही तिथे नमुना देऊच नये. उलट ताप, ताण, गरोदरपण किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा वाढतो. म्हणून संशय दाट असेल तर एका नॉर्मल रिपोर्टवर थांबत नाहीत. निदान होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक आणि कमरेवर टोचायची इंजेक्शनं टाळावीत.

सिकलसेलबद्दल थोडं अधिक. सोल्युबिलिटीची झटपट तपासणी पॉझिटिव्ह आली तर मुलगी नुसती वाहक आहे की आजारी, हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी लागते. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत आदिवासी भागात ही तपासणी होते आणि कार्ड मिळतं. ते कार्ड पाळीच्या तक्रारीसाठी जातानाही न्यावं. आजार असलेल्या मुलीला पाळी नियमित करायला इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देणं टाळतात, कारण रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. नुसत्या प्रोजेस्टेरॉनचे पर्याय चालतात. आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या डोळे झाकून देऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्या मुलीच्या अंगात लोह आधीच जास्त असू शकतं, फेरिटिन (लोहाच्या साठ्याचा आकडा) बघून ठरवावं.

लहान मुली

चार-सहा वर्षांच्या मुलीला खालच्या बाजूला खाज, शौचाला दुखतं, त्वचा पांढुरकी आणि पातळ कागदासारखी. बुरशीचं मलम तीनदा बदलून झालेलं असतं. पण वयात येण्याआधी योनीत बुरशी सहसा वाढतच नाही, तिला लागणारं इस्ट्रोजेन तिथे नसतं. हा बहुधा लायकेन स्क्लेरोसस असतो. योनी आणि गुदाभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पांढरा पट्टा दिसला की डोळ्यांनीच निदान होतं. क्लोबेटासोल या तीव्र स्टिरॉइड मलमाचा अगदी पातळ थर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तीन महिन्यांत हळूहळू कमी करत लावतात. हाच आजार पाळी गेलेल्या बायकांनाही होतो. त्यांच्यात न भरणारी जखम किंवा जाड गाठ दिसली तर लगेच तुकडा तपासायचा, कारण थोड्या जणींत तिथे कर्करोग होतो.

छाती वाढायच्या आधीच रक्त दिसलं तर त्याला ‘लवकर आलेली पाळी’ म्हणून सोडू नये. दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित स्राव असेल तर आत कागदाचा बोळा, बी, मणी असं काही अडकलेलं असू शकतं. मूत्रमार्गाचं तोंड बाहेर येऊन लाल अंगठीसारखं दिसतं आणि त्यातूनही रक्त येतं. द्राक्षाच्या घोसासारखं काही दिसलं तर ती गाठ आहे, त्याच आठवड्यात कर्करोग केंद्र गाठावं. जागेपणी जबरदस्तीनं तपासू नये, भूल देऊन बारीक दुर्बिणीनं बघतात. आणि अत्याचाराची शक्यता मनातून काढून टाकू नये. २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार तसा संशय आला तर पोलिसांना कळवणं डॉक्टरांसह प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि उपचार मोफत व तातडीनं द्यावे लागतात.

एक उलटा पेच असा: मुलगी बुटकी, सुस्त, बद्धकोष्ठ असलेली, आणि तरीही आठ वर्षांच्या आत रक्त गेलं. शिवाय सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मोठ्या गाठी. ऑपरेशनची तारीख ठरवायच्या आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी बघा. थायरॉइड अगदी बंद पडलं तर हे सगळं होतं आणि रोजच्या गोळीनं गाठी विरघळतात.

अचानक, एका बाजूला, उलट्यांसह उठलेली कळ म्हणजे अंडाशयाला पीळ बसल्याची शक्यता. उजवीकडे असली की अपेंडिक्स ठरवलं जातं, डावीकडे असली की पित्त. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत रक्तपुरवठा दिसला म्हणून पीळ नाही असं होत नाही. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या वाटेला रात्री वाहन मिळत नाही हे खरं, पण इथे तास मोजायचे असतात. काळानिळा पडलेला अंडाशयसुद्धा पीळ सोडवल्यावर बहुतेकदा सावरतो, म्हणून तो काढू नये, असं ऑपरेशनआधीच बोलून घ्यावं. अंडाशयात घट्ट गाठ असेल तर शस्त्रक्रियेआधी एएफपी, एलडीएच आणि बीटा-एचसीजी या गाठीचा प्रकार सुचवणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त काढून ठेवावं. गाठ काढल्यावर हे आकडे उतरतात आणि पुढच्या उपचाराचा आधारच जातो. बीटा-एचसीजी काही गाठीही तयार करतात, त्यामुळे गर्भचाचणी पॉझिटिव्ह दिसली म्हणून मुलीवर आळ घेण्याआधी सोनोग्राफी नीट बघा.

लग्नानंतर सुटणारी निदानं

दिवस राहत नाहीत, पाळी दिवसेंदिवस कमी होत एखाद्या डागावर आली, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. किंवा यातलं काहीच नाही, फक्त दिवस राहत नाहीत. जननेंद्रियांचा क्षयरोग आपल्याकडे असा गुपचूप असतो. तो बहुतेक वेळा गर्भनलिकांत बसतो, आणि नलिका सोनोग्राफीत दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो.

इथे निदान जास्त करून नमुन्याच्या बाटलीत हुकतं. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा पाळी यायच्या आधीच्या आठवड्यात घ्यायचा, कारण क्षयाच्या गाठी तोवर अस्तरात तयार होतात आणि पाळीबरोबर निघून जातात. तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी, दुसरा साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्यासाठी). सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकला की जंतू मरतात, कल्चर अशक्य होतं, आणि तीच तपासणी पुन्हा करायला बाईला भूल घ्यावी लागते. नातेवाइकांच्या हातात दोन बाटल्या यायला हव्यात. एकच आली तर तिथेच विचारा. नुसत्या पीसीआरच्या पॉझिटिव्हवर किंवा रक्तातल्या टीबी गोल्डवर सहा महिन्यांची औषधं सुरू करणंही बरोबर नाही, दुर्बिणीतून नलिका बघून पुरावा जुळवावा लागतो. निदान पक्कं झालं की औषधं सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १,००० रुपये.

बाळंतपणात खूप रक्त गेलं, बाळाला दूध आलंच नाही, पाळी परतली नाही. त्यानंतर वर्षानुवर्षं थकवा, थंडी सोसवत नाही, काखेचे केस गळले, अधूनमधून चक्कर. हा शीहान सिंड्रोम. रक्तस्रावात पिट्युटरी ग्रंथी करपते. ‘बाळंतपणातली कमजोरी’ म्हणून या बाया दहा-दहा वर्षं टॉनिकवर राहतात. निदानाला ‘दूध आलं होतं का’ हा एकच प्रश्न रस्ता दाखवतो. टीएसएच इथे नॉर्मल दिसू शकतं, म्हणून फ्री टी४ (थायरॉइडचं संप्रेरक) आणि सकाळी आठचं कॉर्टिसोल (शरीराचं नैसर्गिक स्टिरॉइड) मागवायचं. उपचाराचा क्रम जिवाशी निगडित आहे: आधी स्टिरॉइडची भरपाई, मग थायरॉइडची गोळी. उलट केलं तर रुग्ण कोसळते.

पिशवी धुतल्यानंतर, म्हणजे क्युरेटिंगनंतर, पाळी बंद झाली आणि हार्मोनचे सगळे आकडे ठीक असतील, तर आतल्या भिंती एकमेकींना चिकटल्या असाव्यात. दुर्बिणीनं निदान आणि उपचार एकाच वेळी होतात. चाळिशीच्या आत चार महिने पाळी नाही आणि एफएसएच २५च्या वर, तर अंडाशय लवकर थकले आहेत. ‘गरम वाफा येतात’ एवढ्यावर सोडू नये, हाडं आणि हृदय जपण्यासाठी पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावे लागतात. सिझेरियनच्या व्रणात गाठ, जी पाळीच्या दिवसांत सुजते आणि दुखते, ती टाक्याची गाठ नसते, तिथे गर्भपिशवीचं अस्तर रुजलेलं असतं. पाळीच्या आगेमागे दोन-तीन दिवसांत दर वेळी उजव्या छातीत कळ येऊन दम लागत असेल, तर फुप्फुसाभोवती हवा साठली आहे का हे बघायला त्याच दिवसांत छातीचा एक्स-रे काढा.

‘पीसीओडी’ हा शब्द आता गावोगावी पोचला आहे, आणि त्याच्या आड बरंच दडतं. आवाज घोगरा होतोय, काही महिन्यांतच दाढी-मिशा येतायत, डोक्याचे केस पुढून जातायत, तर टेस्टोस्टेरॉन लगेच बघा, गाठ असू शकते. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात दोषासाठी पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी, १७-ओएच प्रोजेस्टेरॉन करतात. स्तनातून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं संप्रेरक तपासतात.

दवाखान्यात काय न्यायचं

भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने खुणा करा: रक्ताच्या दिवसाला गोल, दुखण्याच्या दिवसाला फुली, शाळा किंवा काम बुडलं त्या दिवसाला रेघ. गोल आणि फुल्या एकाच जागी पडतात की वेगवेगळ्या, हे बघूनच डॉक्टरांचं अर्धं काम होतं. मुलीला गोल एकही नाही आणि फुल्या मात्र दर अठ्ठावीस दिवसांनी, तर कॅलेंडरनंच निदान सांगितलं. जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म फेकू नका, रिपोर्टचा कागद पुरत नाही. उंची-वजनाचं शाळेचं कार्ड न्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. पंधरा वर्षांपर्यंत पाळी नसलेल्या मुलीचं नाव त्यांच्याकडे द्यायला आशाताई किंवा शाळेतल्या बाई पुरतात, त्यांच्या चिठ्ठीवर पुढची तपासणी होते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा जोतीराव फुले योजनेतल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसतो, त्याला शिधापत्रिका आणि आधार दाखवून ऑपरेशन योजनेत बसतं का ते आधी विचारा.

कॅरिओटाइपला उपाशी पोटी जावं लागत नाही. रक्त हिरव्या झाकणाच्या नळीत घेतात आणि पेशी वाढवून बघायच्या असल्यानं रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात. वाटेत नळी गोठवली किंवा उन्हात राहिली तर पेशी मरतात आणि पुन्हा यावं लागतं. मे महिन्यात जळगावचा पारा ४५कडे जातो तेव्हा नमुना एसटीच्या टपावरून पाठवू नका.